आनंदी दिसा, शेजारी बघतायत

सिनेमाच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, तशी या मालिकेच्या सुरुवातीला एक पाटी येते. प्रमाणपत्र ‘एच’. एच म्हणजे हराम. वर बजावणी अशी, की हे बघून कुणी कुठल्या संस्कृतीची पारख करू नये. मी तिथेच हसले आणि सगळे भाग बघून टाकले. काही इस्त्री करता करता, काही इस्त्री बंद करून.

‘नंबर वन हॅपी फॅमिली यूएसए’ हे तिचं लांबलचक नाव. एप्रिल २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर आठ भाग एकदम आले. कार्टून असलं तरी पोराबाळांसाठी नाही. रामी युसुफ या इजिप्शियन-अमेरिकन विनोदवीराने ती पॅम ब्रेडीबरोबर रचली आहे, आणि ब्रेडीबाई ‘साउथ पार्क’च्या तालमीत तयार झालेल्या, तेव्हा जिभेला हाड नसणार हे ओघाने आलंच. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर लावू नका.

गोष्ट न्यू जर्सीतली, म्हणजे माझ्या दारातली. बापाचं नाव हुसेन हुसेन. नावही तेच, आडनावही तेच, फॉर्म भरणाऱ्याला त्रास नाही. हा तिकडे इजिप्तमध्ये डॉक्टर होता आणि इथे हलाल खाण्याची हातगाडी लावतो. आईचं नाव शरिया, म्हणजे ऐकणाऱ्या अमेरिकनाची झोपच उडावी. मुलगी मोना हिला मुली आवडतात, आणि ते घरी सांगण्याची काही सोय नाही. मुलगा रूमी, वय वर्षं बारा, शाळेतल्या बाईंच्या प्रेमात आकंठ बुडालेला. कथा सुरू होते १० सप्टेंबर २००१ रोजी. तारीख वाचल्यावर पुढे काय होणार ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टर माणूस गाडीवर चिकन विकतो, हे लेखकांनी विनोदासाठी ओढूनताणून आणलेलं नाही. मॅनहॅटनमध्ये ५३व्या रस्त्याच्या आणि सिक्स्थ अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १९९० साली तिघा इजिप्शियनांनी हॉट डॉगची गाडी टाकली. टॅक्सी चालवणाऱ्या मुसलमानांना पोटभर आणि हलाल असं काही हवं होतं, म्हणून मग चिकन आणि भात सुरू झाला. आज जगभर शाखा असलेले ‘हलाल गाइज’ ते हेच. त्या तिघांतले एक, मोहम्मद अबुएलेनीन, मायदेशी जनावरांचे डॉक्टर होण्याचं शिक्षण घेऊन आलेले. तुम्ही न्यूयॉर्कला आलात तर एकदा त्या गाडीसमोर उभे राहा. फॉइलच्या गोल डब्यात पिवळाधमक भात, तव्यावर उलथन्याच्या कडेने खडखड तोडलेलं चिकन, कोपऱ्यात उगाच घातलेला लेट्यूसचा चोथा, आणि वर पांढऱ्या सॉसच्या रेघोट्या. लाल सॉस मागताना बेताने मागा. आपण तिखट खाणारे असल्याचा अभिमान तिथे पहिल्या घासाला गळून पडतो. गाडीवाल्याचं तोंड मात्र सतत हसरं. ‘येस बॉस, येस माय फ्रेंड.’ हुसेन हुसेनचं अख्खं पात्र त्या ‘माय फ्रेंड’मधून उगवलं आहे.

कारण हुसेनचं म्हणणं एकच आहे: आपण या देशातलं एक नंबरचं सुखी कुटुंब आहोत, आणि तसं दिसलंही पाहिजे. अकरा तारखेनंतर तर त्याला याचा ज्वर चढतो. अमेरिकनांनाही लाजवेल इतकं अमेरिकन व्हायचं, हसायचं, शेजाऱ्याला हात करायचा. शेजारी कोण, तर एफबीआयचा माणूस. तो याच्यावर डोळे वटारून बसलेला नाही, चांगला गप्पिष्ट आहे. म्हणून तर हुसेनला जास्त घाम फुटतो.

कार्टूनमुळे जे साधतं ते मला फार आवडलं. ही माणसं घराचा उंबरठा ओलांडताना बदलतात. अक्षरशः. बोलण्याची ढब, कपडे, चेहऱ्यावरचे भाव, सगळं दाराच्या आत एक आणि बाहेर पडताक्षणी दुसरं. हाडामांसाच्या नटाने हे केलं असतं तर त्याचा अभिनय वाटला असता. चित्रात ती एक वस्तुस्थिती होऊन जाते. रेषासुद्धा मुद्दाम त्या काळातल्या कार्टूनसारख्या ठेवल्या आहेत, किंचित राकट. ही चित्रं ज्यांच्या हातची आहेत त्या मोना चलाबी मूळच्या इराकी घरातल्या, ब्रिटनमध्ये वाढलेल्या. एरवी त्या आकडेवारीची चित्रं काढणाऱ्या पत्रकार आहेत आणि त्याबद्दल त्यांना २०२३चं पुलित्झर मिळालं आहे. चेहऱ्यावरची एक रेघ वर गेली की माणूस ‘आपला’ आणि खाली आली की ‘संशयित’, हा हिशेब आकड्यांतली माणसं बघायची सवय असलेल्या बाईला बरोबर जमणार.

आणखी एक गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भागात कधीतरी लक्षात आली. बाप आणि मुलगा, दोघांचेही आवाज रामी युसुफनेच दिले आहेत. दोघांचं भांडण चालतं तेव्हा एकच माणूस स्वतःशी भांडत असतो. रूमीला बापाची लाज वाटते. बाप मोठ्याने हसला की याला तोंड लपवावंसं वाटतं. आणि ऐकणाऱ्याला कळत असतं की याच्या घशात तोच आवाज बसलेला आहे. रामी युसुफ १९९१चा. विमानं आदळली तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि वाढला रदरफर्डमध्ये, हडसन नदीच्या अलीकडे. आपल्या आधीच्या मालिकेत, ‘रामी’मध्ये, त्याने त्या दिवसांवर एक अख्खा भाग केला होता. तो हळवा होता. इथे हळवेपणा बाजूला ठेवून त्याने सरळ बापाच्या कातडीत शिरायचं ठरवलेलं दिसतं.

माझ्या मते या मालिकेचं सगळं मर्म इथे आहे. परक्या देशात रुळण्याचं जे काही काम असतं, त्याची देखरेख सरकार करत नाही, गोरा शेजारीही करत नाही. ती घरातला बाप करतो, जेवणाच्या टेबलावर बसून. कोण मोठ्याने बोललं, कुणी खिडकी उघडी ठेवली, कुणी नको तो कपडा घालून दार उघडलं. हुसेन दुष्ट नाही, तो घाबरलेला आहे. पण घाबरलेल्या बापाच्या घरात राहणं हे दुष्ट बापाच्या घरात राहण्यापेक्षा फार सोपं असतं असं नाही. शरिया एका क्षणी डोक्याला हिजाब बांधायचं ठरवते. घरावर संकट आलेलं असताना, नवरा सगळ्या खुणा पुसत सुटलेला असताना, ही बाई एक नवी खूण लावून उभी राहते. हिजाबाबद्दल माझी मतं फारशी अनुकूल नाहीत. पण त्या प्रसंगात मी पूर्णपणे तिच्या बाजूला होते.

आम्ही तेव्हा इथे नवेच होतो. एच-वनवर आलेली आयटीतली मराठी मंडळी एडिसन-इझलिनच्या अपार्टमेंटांत दाटीवाटीने राहत होती. त्या आठवड्यात सगळ्यांच्या गाड्यांना झेंडे लागले. काचेच्या कडेत अडकवायची प्लॅस्टिकची पांढरी काठी आणि तिला टिचभर झेंडा. हायवेवर वेग घेतला की तो असा फडफडायचा की बोलणं ऐकू येत नसे, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या कडेचे दोरे सुटून यायचे. वॉलमार्टने एकट्या ११ सप्टेंबरला १,१६,००० झेंडे विकले. आदल्या वर्षी त्याच तारखेला विकले गेले होते ६,४००. दुःख होतं, ते खरंच होतं, आमच्यातल्या कितीजणांची ऑफिसं त्या टॉवरांच्या आसपास होती. पण आपल्या लोकांच्या झेंड्यात दुःखाच्या बरोबरीने आणखी एक मजकूर होता: आम्ही ते नव्हे. इंडियन दुकानात उभ्या उभ्या सल्ले दिले जायचे. दाढी काढ. बायकोला टिकली लावायला सांग, म्हणजे ओळखू येईल.

टिकली! याच न्यू जर्सीत १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने जर्सी सिटीतल्या भारतीयांना हाकलून लावण्याची धमकी वर्तमानपत्रात पत्र पाठवून दिली होती. डॉट म्हणजे कपाळावरचं कुंकू. त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला मारहाण करून ठार केलं गेलं. जी खूण १९८७ मध्ये अंगाशी येत होती तीच २००१ मध्ये वाचवणार, असं आमच्या लोकांना वाटत होतं. मारणारा इतकं बारकाईने बघत नाही. १५ सप्टेंबर २००१ला अॅरिझोनात मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. पगडी बघून. त्याच दिवशी सकाळी त्यांनी हल्ल्यातल्या मृतांसाठीच्या निधीत पैसे टाकले होते. एफबीआयच्या नोंदींत मुसलमानांविरुद्धचे द्वेषगुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ४८१ झाले. सोधी त्या ४८१ मध्ये धरता येत नाहीत, कारण ते मुसलमान नव्हते.

आमच्या बिल्डिंगमध्ये खाली एक कुटुंब होतं चिपळूणकडचं. कोकणी मुसलमान. सगळे त्यांना भाभी म्हणत म्हणून मीही भाभीच म्हणते. ईदेला त्यांच्याकडची सांदणं यायची, मऊ, पिवळसर, नारळाच्या दुधाची. वाटी परत देताना मी चकल्या घालायचे. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा गोड, आणि आमच्या पुणेरी मंडळींना हे दर वेळी नव्याने आश्चर्य वाटायचं. “तुम्ही किती छान मराठी बोलता!” भाभी म्हणायच्या, “तुम्हीपण.”

त्या शरद ऋतूत भाभींनी मला लॉन्ड्रीरूममध्ये सांगितलं होतं, “ताई, वर आलात की पाहिजे तेवढं बोलू. इथे नको.” बोलत आम्ही मराठीत होतो. बेसमेंटमध्ये ड्रायर घरघरत होते, कपड्यांच्या घड्या घालत एक म्हातारी गोरी बाई कोपऱ्यात बसली होती. तिला मराठी काय आणि अरबी काय, दोन्ही सारखंच. मुलाचं नाव मोहम्मद, शाळेत त्याचा ‘मो’ झाला तो तेव्हापासून आजतागायत मोच आहे. वर आलो की मात्र भाभी मनमोकळ्या हसायच्या, नवऱ्याच्या नकला करायच्या.

पुढच्या वर्षी ती नोंदणी आली. सप्टेंबर २००२ पासून २५ देशांच्या पुरुषांना, वय सोळापासून पुढे, इमिग्रेशन कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि जबाब द्यायला लावलं. एक उत्तर कोरिया सोडला तर बाकी सगळे मुस्लीमबहुल देश. इजिप्त त्या यादीत होता, पाकिस्तान आणि बांगलादेशही होते. भारत नव्हता. त्यामुळे भाभींचे पती वाचले, आणि त्यांच्याच मशिदीतले, त्यांच्या शेजारी नमाज पढणारे पाकिस्तानी मास्तर रांगेत उभे राहिले. ८० हजारांहून अधिक लोकांनी अशी नोंद केली. कायदा पाळायला आपल्या पायांनी गेलेल्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या आरोपाखाली दोषी ठरला असा एकही नाही. हुसेन हुसेनचं हसू बघताना मला सारखी ती रांग डोळ्यांपुढे येत होती. वेड्यासारखं वागणाऱ्या माणसाचं वेड इतकं हिशेबी असू शकतं.

मुसलमान कुटुंबावरचा विनोद हा प्रकार अगदी नवा नाही. कॅनडात २००७ पासून ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ चालली, झरका नवाझ यांनी रचलेली. एका छोट्या गावातल्या मशिदीभोवतीची माणसं, गोड भांडणं, शेवटी समेट. ती मी आवडीने बघितली होती. तिच्यात सगळ्यांना चांगलं ठरवण्याची जरा घाई होती, आणि त्या दिवसांत ती घाई समजण्यासारखी होती. मग २०१५ मध्ये आसिफ मांडवी यांनी ‘हलाल इन द फॅमिली’ नावाचे छोटे छोटे भाग इंटरनेटवर आणले. मांडवी मुंबईत जन्मलेले, ब्रॅडफर्डमध्ये आणि मग फ्लोरिडात वाढलेले. त्यांच्यातला बापही अमेरिकनपणाचा अर्क निघावा असाच. पण ते सगळं जुन्या सिटकॉमची टर उडवणारं होतं, हसण्याचा साउंडट्रॅक लावून. हुसेनच्या घरात तो साउंडट्रॅक बापाच्या डोक्यात वाजतो, एवढा फरक दहा वर्षांत पडला.

आता तक्रारी. मालिका फार ओरडते. एका मिनिटात पाच विनोद ठासले की त्यातले तीन वाया जातात, आणि उरलेल्या दोनांपैकी एक शरीरधर्मांवरचा असतो. पुढे पुढे गोष्ट घर सोडून अशा काही उड्या मारायला लागते की मी दोनदा मागे जाऊन बघितलं, एखादा भाग चुकला की काय. जेवणाचं टेबल सोडलं की हिची पकड सुटते. मोनाला लेखकांनी एवढं कुलूपबंद गुपित दिलं, पण त्या मानाने तिच्या वाट्याला शांतपणे बोलायचे प्रसंग कमी दिले. बाप आणि मुलगा यांच्यावर लेखकाचा जीव आहे, बायकांवर माया आहे. दोन्हींत फरक असतो, आणि तो पडद्यावर दिसतो.

मालिका २००१ची असली तरी ती जुन्या काळाची आठवण म्हणून बघता येत नाही. ती आली त्याच वर्षी जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. तेही १९९१चेच, रामी युसुफच्या बरोबरीचे. त्यांचे वडील मुंबईत जन्मलेले, आई मीरा नायर. मतदानाच्या थोडं आधी ब्राँक्समधल्या मशिदीबाहेर त्यांनी एक भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं की राजकारणात उतरताना एका काकांनी बाजूला घेऊन, हळुवार आवाजात सल्ला दिला होता: आपण मुसलमान आहोत हे लोकांना सांगायलाच हवं असं नाही. मी ते भाषण ऐकलं आणि मनात म्हटलं, आला, हुसेन हुसेन आला. कसलेला, प्रेमळ, पोराचं भलं चिंतणारा.

मराठी घरांत हे काका नाहीत असं कुणी म्हणू नये. फक्त आपल्याला त्यांची गरज कमी पडली. आपलं वेगळेपण इथे शाळेच्या मल्टिकल्चरल डेला स्टेजवर जातं. लेझीम, नऊवारी, ढोलताशा, टाळ्या. मंडळाच्या गणपतीला गावचे मेयर येऊन मोदक खातात आणि फोटो काढतात. त्याच काळात न्यूयॉर्कचे पोलीस नदी ओलांडून इकडे न्यू जर्सीतल्या मशिदींच्या आणि मुसलमानांच्या दुकानांच्या नोंदी ठेवत होते. असोसिएटेड प्रेसने २०११ पासून ते उघडकीला आणलं आणि २०१२ मध्ये त्याबद्दल पुलित्झर मिळवलं. एकाच टाउनशिपमध्ये, एकाच शाळेला पोरं पाठवणाऱ्या दोन घरांचं वेगळेपण दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलं जात होतं.

मालिकेचा दुवा मी मोला पाठवला. तो आता चाळिशीकडे झुकला आहे, पोटही सुटलंय. त्याने एका रात्रीत बघितली आणि पुढच्या रविवारी आईला धरून बसवली. मीही होते. भाभींनी दोन भाग कसेबसे सोसले. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं, त्या म्हणाल्या शिव्या कोकणात याहून चांगल्या आहेत. त्यांना खटकला बाप.

“इतका येडा माणूस दाखवायचा? बायका-पोरांना घेऊन आला, डॉक्टरकी सोडून गाडी ओढतो, आणि वर त्यालाच हसायचं?”

“अम्मी, अब्बा सेम असेच होते.”

“तुझे अब्बा घराचे हप्ते भरत होते. झेंडे लावायला त्यांना फुरसत कुठे होती?”

“लावला होता. गाडीला आणि बाल्कनीला, दोन्हीकडे. फोटो आहे माझ्याकडे.”

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं, कारण बाल्कनीतला झेंडा मलाही आठवत होता.

“तो फोर्थ ऑफ जुलैचा होता,” भाभी म्हणाल्या. “काढायचा राहिला होता.”